नादारीचे भय कोणाच्या सोयीचे?

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी औशाच्या घरी आला. आठ-दहा वर्षे तो खते-बियाण्यांचे दुकान चालवीत आहे. शेतकऱ्यांना दिलेली उधारी सोयाबीनचे भाव पडल्यामुळे परत येईना. ती भरून काढण्यासाठी त्याने आधी पतसंस्थेचे कर्ज काढले, मग नातेवाइकांकडून हातउसने घेतले आणि अखेरीस महिना शेकडा पाच दराने सावकाराचा पैसा उचलला. तो बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला आणि उठता उठता म्हणाला, "सर, दिवाळखोरीचा अर्ज केला तर मला अटक होईल काय? घरातली भांडीकुंडी नेतील काय?"

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला कायद्याची पुस्तके उघडावी लागली, हे कबूल केले पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमात राष्ट्रांची कर्जे होती, माणसांची नव्हती.

या बाबतीतली पहिली अडचण भाषेची आहे. 'दिवाळे वाजले', 'हात वर केले' या शब्दप्रयोगांत तुच्छता ओतप्रोत भरलेली आहे. दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावीत असे, असे जुनी माणसे सांगतात. कायद्याच्या मराठीत मात्र यासाठी 'नादारी' हा शब्द आहे. जुन्या शाळांतून गरीब मुलाच्या फीमाफीलाही नादारीच म्हणत, आणि नादारीवर शिकणाऱ्या मुलाला कोणी लबाड म्हटल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्याजवळ नाही तो नादार, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबई शहरासाठी १९०९ चा व जिल्ह्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. ज्याचे देणे पाचशे रुपयांहून कमी नाही आणि जो ते फेडण्यास असमर्थ आहे, त्याला या कायद्यान्वये जिल्हा न्यायालयाकडे स्वतः अर्ज करता येतो. अर्ज करणे हा गुन्हा नाही. मालमत्ता दडविणे किंवा खोटे हिशेब देणे हा गुन्हा आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे खरी. परंतु ऐपत असूनही जो देत नाही, जो पळून जाण्याच्या बेतात आहे वा ज्याने मालमत्ता लपविली आहे, त्याच्यासाठी ती आहे. केवळ दारिद्र्यामुळे न फेडणाऱ्याला कोंडता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने न्या. कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला. स्त्रीला तर अशा हुकूमनाम्यापोटी अटकच करता येत नाही.

तुरुंगाच्या भीतीला एका बाजूने आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. सावकार कोरे धनादेश सही करून घेतात. न वटलेल्या धनादेशाचा खटला फौजदारी असतो आणि नादारीचा अर्ज त्यातून सोडवीत नाही. माझ्या विद्यार्थ्याने असे तीन धनादेश दिले होते.

भांड्याकुंड्यांची गोष्ट निराळी. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची अवजारे, चरितार्थापुरती जनावरे व बी-बियाणे यांवर संहितेचे कलम ६० जप्ती येऊ देत नाही. आणि जे जप्त होऊ शकत नाही, ते नादारीतही न्यायालयाच्या ताब्यात जात नाही. शेतकरी, मजूर व घरगडी यांचे राहते घरही वाचते. दुकानदाराचे मात्र वाचत नाही. हे सांगताना माझा आवाज खाली आला.

याच्या अगदी उलट टोकाचाही गैरसमज आढळतो. अर्जावर सही केली की सारे देणे धुऊन निघते, असे काहींना वाटते. तसे नाही. अर्ज देताच वसुली आपोआप थांबत नाही. नादार ठरविल्याचा हुकूम झाल्यावर धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून दावा लावता येत नाही. गहाण-तारण घेऊन बसलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क अबाधित राहतो. सरकारी देणी, कपटाने केलेली कर्जे आणि बायको-मुलांची पोटगी सुटकेनंतरही सुटत नाहीत. जामीनदारही मोकळा होत नाही. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा नाहीतर शेजारी जामीन राहतो, त्यामुळे खरी टोचणी येथेच आहे.

सुटकेचा हुकूम मिळेपर्यंत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोठेही निवडून जाता येत नाही. मतदानाचा हक्क मात्र राहतो. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील तर पूर्ण सुटका मिळणे कठीण. पण ज्यासाठी ऋणकोला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे ही वेळ आली, असे त्याने पटविले तर मिळू शकते. अवर्षण आणि कोसळलेले भाव यांहून त्याचे दुसरे उदाहरण कोणते असेल?

कर्जमाफी आहे ना, मग हे कशाला, असे विचारले जाते. २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्या बँका व सोसायट्यांच्या कर्जापुरत्या होत्या. सावकाराच्या वहीपर्यंत त्या पोचल्या नाहीत, आणि दुकानदार वा शेतमजूर त्यांत नव्हता. नादारीत सर्व धनको एका रांगेत उभे राहतात, हा तिचा मोठा गुण. आपल्या प्रदेशाने हे पूर्वी पाहिलेले आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जरोखे जाळले गेले आणि इंग्रज सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याची अटक बंद केली आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरणच घातले. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांना त्याचा लाभ झाला. औसा निजामाच्या राज्यात होते. हा कायदा सरहद्दीपाशीच थांबला.

आज सरहद्द वर्गाची आहे. २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांचे प्रकरण त्याच वर्षी अमलात आले. मराठवाड्यात चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन समूहावर सुमारे ६४,८०० कोटींचे मान्य दावे होते. २०२१ साली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सुमारे २,९६० कोटींची योजना मंजूर केली. ती २०२२ मध्ये अपिलात रद्द झाली, ही गोष्ट वेगळी. एवढ्या मोठ्या सुटीला बँकांच्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात. त्याला कोणी भरदिवसा दिवा लावणे म्हणत नाही.

याच संहितेच्या तिसऱ्या भागात सामान्य माणसासाठी 'नव्या प्रारंभा'ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या, मालमत्ता वीस हजारांच्या व कर्ज पस्तीस हजारांच्या आत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या ऋणकोला त्या कर्जातून सोडविण्याची ती व्यवस्था. डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. इतरांसाठी अधिसूचनाच नाही, आणि म्हणून औशाचा माणूस अजून १९२० च्या कायद्याकडे जातो. हा कायदा सुटका न झालेल्या नादाराने पन्नास रुपयांची उधारी आपली स्थिती न सांगता घेतली तरी सहा महिन्यांची कैद सांगतो. पन्नास रुपयांत आज किराण्याची पुडी तरी किती येते?

तिसरा भाग सर्वांना लागू करावा, त्यातील तुटपुंज्या मर्यादा वाढवाव्यात, जामीनदाराचा विचार व्हावा आणि तालुका विधी सेवा समित्यांनी नादारीच्या अर्जांसाठी वकील द्यावेत, ही मागणी आपल्या पक्षाने उचलली पाहिजे. ऋणकोचा प्रश्न कर्जमाफीच्या घोषणेपाशी संपतो असे मानण्याची चूक आपणही केली आहे.

विद्यार्थ्याचा अर्ज अद्याप दाखल झालेला नाही. त्यासाठी सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा यांची यादी जोडावी लागते. आम्ही दोघांनी बसून ती लिहावयास घेतली. अकरा नावे झाली. शेकडा पाचवाल्या सावकाराजवळ परवाना नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे अशा माणसाच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही, हे मी त्याला दोनदा वाचून दाखविले. त्याने मान हलविली आणि पेन खाली ठेवले. ते बारावे नाव त्याने अजून लिहिलेले नाही.