अंगण हवे, आश्रय नको

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हा मराठी माणसांचा एक संकल्प ठरलेला असतो : निवृत्त झालो की पुण्याला जाऊ. तीस-पस्तीस वर्षे परमुलखात काढावयाची, सरकारी निवासस्थानाच्या ओट्यावर तुळस वाढवावयाची, आणि मुदत भरली की अशा सदनिकेत उतरावयाचे, जिथे शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवरूनच कळते. अलीकडे या संकल्पात सुधारणा झाली आहे. केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत जागा घ्यावयाची. तेथे डॉक्टर असतो, लिफ्ट असते, भोजनगृह असते. लहान मूल मात्र सुट्टीत पाहुणे म्हणून येते तेवढेच. या संकल्पाला आमचा विरोध आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवरील बगरूला गेलो होतो. इतिहासाच्या वाचकांना हे नाव नवे नाही. जयपूरच्या गादीवरून ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांत तंटा लागला, तेव्हा माधोसिंहाच्या बाजूने मल्हारराव होळकर ऑगस्ट 1748 मध्ये येथेच लढले. पण आज बगरू ओळखले जाते ते छीपा मंडळींच्या ठसेछपाईमुळे. हिरड्याच्या पाण्यात बुडविलेले पिवळसर कापड, त्यावर लाकडी ठशांनी उमटविलेला काळा आणि तांबडा रंग, आणि जिथे रंग लागू द्यावयाचा नाही तिथे माती, चुना व डिंक यांचा लेप, ज्याला तेथे दाबू म्हणतात.

काळा रंग गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस कुजवून होतो. अशाच एका रांजणापाशी सत्तरी उलटलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, अजून दोन दिवस. नातवाला माल पाठविण्याची घाई होती. तरी त्याने हातातला ठसा मुकाट्याने खाली ठेवला. त्या म्हाताऱ्याला तेथे कोणी ‘सांभाळीत’ नव्हते. त्याच्यावाचून घराचे अडत होते. वार्धक्याचा खरा प्रश्न हा एवढाच आहे, आणि वैद्यकीय सोयींच्या याद्या छापून तो सुटत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग एकत्र कुटुंबच बरे! तसे आम्ही म्हणत नाही. त्याच अंगणातून पदर डोळ्यांपर्यंत ओढून लगबगीने जाणारी सूनही आम्ही पाहिली, आणि तिला तिचे मत कोणी विचारले असेल असे आम्हाला वाटले नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांतील सुखही बव्हंशी अशाच मुक्या श्रमांवर उभे होते. शिवाय भाऊबंदकी कुठवर जाते, हे सांगावयास बगरूचे रण आहेच. ज्यांना मुलांवर कर्तव्याची सक्ती करावयाची आहे, त्यांच्यासाठी 2007 चा कायदाही आहे. त्याने दरमहा 10,000 रुपयांच्या कमाल मर्यादेत निर्वाहखर्च मिळू शकतो. कायदा पोटगी देववील. संगत कशी देववील?

म्हणून आमचे म्हणणे असे की, चूल आपली असावी आणि अंगण सर्वांचे. डेन्मार्कमध्ये यान गुडमन-होयर या वास्तुशास्त्रज्ञाने 1964 पासून हा विचार चालविला, आणि 1972 मध्ये सेत्तेदामेन ही वस्ती उभी राहिली : प्रत्येक कुटुंबाचे घर स्वतंत्र, पण मध्ये एक सामाईक घर, जिथे एकत्र जेवावे आणि वस्तीचा कारभार एकत्र बसून ठरवावा. ही कल्पना परकी वाटत असेल त्यांनी गावदेवी आठवावी. रावबहादूर तालमकी आणि त्यांच्या सारस्वत बांधवांनी 1915 मध्येच मुंबईत सहकारी गृहसंस्था स्थापून दाखविली. त्यांना जे साधले ते आम्हाला अवघड का वाटावे?

खरे म्हणजे आमचा जन्म गेला त्या सरकारी वसाहतीही थोड्याफार अशाच होत्या. एक मैदान, एक गणपती, कोणाच्याही घरी जेवणारी मुले. उणीव एवढीच, की तेथे म्हातारे असत ते कोणाचे तरी आईवडील म्हणून. स्वतःच्या हक्काने कोणी म्हातारे होऊ शकत नसे. निवृत्तीनंतर मुदतीत घर सोडावे लागे.

तेव्हा ज्यांची निवृत्ती दहा वर्षांवर आहे, त्यांना आमची विनंती आहे. दहा-बारा कुटुंबे आताच जमवा. सर्व समवयस्क नकोत, सर्व मराठीही नकोत. भिंती बांधण्यापूर्वी कामे वाटून घ्या, आणि स्वयंपाकाची पाळी पुरुषांनाही लावा; नाहीतर बगरूची ती सून येथेही राबत राहील. एखाद्याने मुलांना गणित शिकवावे, एखादीने हिशेब तपासावेत. अंथरुणाला खिळलेल्याची शुश्रूषा शेजाऱ्यांवर लोटू नका. तिच्यासाठी आरंभापासून निधी ठेवा.

कटकटी होतील, सभांत आवाज चढतील, पोरे दुपारची झोप मोडतील. मोडू द्यात. झोप मोडावयास कोणी नसणे ही शांतता आम्हाला परवडणारी नाही.