नवा सर्व्हर कशाला?



‘सर्व्हरची जागा भरली की नवा सर्व्हर घ्यावा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. सातपूर-अंबडच्या लहान कारखानदाराला तो परवडेल का? त्यापेक्षा आहे त्याच सर्व्हरची जागा वाढवावी; अनेक डिस्कची जागा एकत्र करणाऱ्या एलव्हीएमची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये २००१ पासून आहे.

सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर तिला दुसरी डिस्क जोडा आणि ‘एलएसबीएलके’ कमांडने ती दिसते का पाहा. मूळ मांडणी एलव्हीएमची असेल तर पुढे ‘पीव्हीक्रिएट’, ‘व्हीजीएक्स्टेंड’, ‘एलव्हीएक्स्टेंड’ या कमांड क्रमाने द्या. मग फाइल सिस्टिम वाढवायची. नेमके हेच राहून जाते, ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवतो आणि खापर डिस्कवर फुटते. एक्सटी४ला ‘रिसाइजटूएफएस’ लागते, एक्सएफएसला ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’. मशीन सहसा बंदही करावी लागत नाही.

डिस्क स्वतंत्र माउंट करायची असेल तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ‘एसडीबी’ हे नाव लिहू नका, यूयूआयडी हा ओळखक्रमांक लिहा. रीस्टार्टनंतर एसडीबीची एसडीसी होऊ शकते.

आधी बॅकअप घ्या, हे त्या पत्रलेखकांचे म्हणणे मात्र सोळा आणे खरे. एलव्हीएमच्या एका गटातल्या दोन डिस्कपैकी एक गेली तरी सगळा डेटा धोक्यात येतो. आणि खर्चाला हात घालण्यापूर्वी ‘व्हार-लॉग’ फोल्डर एकदा उघडून बघा. पुष्कळदा जागा जुन्या लॉगनीच खाल्लेली असते.

– एक वाचक, नाशिक