मुळशीला चार महिने, दुबईला चाळीस मिनिटं

कोथरूडच्या एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी मुळशीतल्या एका एनए प्लॉटसाठी सातबारा काढला, सगळे फेरफार लावून पाहिले, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला आणि मोजणीच्या दिवशी भर उन्हात हद्दीच्या खुणांपाशी स्वतः उभे राहिले. चार महिने लागले. तेच साहेब गेल्या रविवारी पुण्यातल्या एका हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनाला गेले आणि चाळीस मिनिटांत दुबईतल्या फ्लॅटचं टोकन देऊन आले. इमारतीचा पायाही अजून भरलेला नाही. सही टॅबवर, बोटाने.

काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल होतं. तळाशी निळा दिवा लावलेला पोहण्याचा तलाव, भोवती काडेपेटीतल्या काडीएवढी खजुराची झाडं. साहेब मॉडेल बघत असताना पत्नीने कराराची प्रत मागितली. घरी नेऊन शांतपणे वाचायची होती. ‘मॅडम, आधी युनिट ब्लॉक करू, मग मेल येईल,’ असं उत्तर मिळालं. ऑफर संध्याकाळपर्यंतच होती. जो कागद घरी नेऊन वाचू दिला जात नाही, त्यावर सही करायची नाही, हे आपल्याकडे घरातली म्हातारी माणसंसुद्धा सांगतात. त्या हॉलमध्ये हे एकट्या त्या बाईंना आठवलं. राग येतो तो याचा.

दुबईत कायदा नाही असं मुळीच नाही. परदेशी माणसाला तिथे मालकी हक्काने घर घेण्याची मुभा २००२ मध्ये मिळाली आणि २००६ च्या कायद्याने ती शासकांनी ठरवून दिलेल्या भागांपुरती पक्की झाली. ग्राहकाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जमा झाले पाहिजेत, असं २००७ चा कायदा सांगतो. इमारत पूर्ण झाल्यावरही त्यातली ५ टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या विक्रीची नोंद लँड डिपार्टमेंटच्या तात्पुरत्या नोंदवहीत झाली नसेल, तर २००८ च्या कायद्याप्रमाणे ती विक्रीच रद्दबातल. या नोंदीला तिथे ‘ओकूद’ म्हणतात. २००८ च्या मंदीत किमती कोसळल्या, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले, आणि रद्द झालेल्या प्रकल्पांचे हिशेब मिटवायला २०१३ मध्ये खास न्यायाधिकरण नेमावं लागलं. आता ‘दुबई रेस्ट’ या सरकारी ॲपवर प्रकल्पाची माहिती बघता येते. तिथला सातबारा मोबाइलवर दिसतो म्हणा ना. साहेबांनी तो पाहिला नाही.

टोकनही त्यांनी क्रेडिट कार्डावर दिलं. भारतात राहणाऱ्याने परदेशातल्या घरासाठी पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, आपल्या बँकेत ए-टू फॉर्म भरून. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. घर नावावर झालं की दरवर्षी रिटर्नच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवायचं, राहून गेलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. हॉलमध्ये कार्डाचं मशीन पुढे करणाऱ्याने यातलं अवाक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. ‘उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कुठे जायचं?’

डोंबिवलीच्या एका काकूंना याच प्रश्नाचं उत्तर शोधायला अकरा महिने लागले. काकांनी आखातात बावीस वर्षं नोकरी केली आणि दुबईत एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, एकट्याच्या नावावर. काका गेले तेव्हा कपाटात मराठी मृत्युपत्र होतं, रीतसर नोंदवलेलं. इथली सोसायटी, बँक, गॅस, सगळं त्यावर मार्गी लागलं. दुबईसाठी मात्र प्रत्येक कागदाचं आधी भाषांतर, मग नोटरी, मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मुंबईतल्या अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का. तिकडे गेल्यावर अरबी भाषांतर आणि कोर्टाचा वारसाहुकूम. भाडेकरूने वर्षाच्या भाड्याचे चेक आधीच दिले होते, पण ते काकांच्या नावाचे आणि काकांचं खातं गोठवलेलं. चौरस फुटावर आकारलेला सर्व्हिस चार्ज तेवढा चालूच.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते नावापायी. काकूंचं लग्नात नाव बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर आणि जन्माच्या नोंदीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव सगळ्या वऱ्हाडाने पाहिलेलं असतं. परक्या देशातल्या कारकुनासमोर मात्र त्या दोन वेगळ्या बायका होत्या. त्या एकच आहेत, एवढं सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रालाही पुन्हा तेच सगळे शिक्के लागले. काकू निळी प्लास्टिकची फाईल छातीशी धरून लोकलने मुंबईला जायच्या. फाईलवर स्केचपेनने लिहिलं होतं, ‘दुबई – ह्यांचं’.

मुस्लिमेतरांना आपलं मृत्युपत्र नोंदवता यावं म्हणून दुबईत डीआयएफसी या वित्तीय केंद्राची नोंदणी २०१५ मध्ये सुरू झाली. काकांना तिची माहिती नव्हती. फ्लॅट नावावर झाल्यावर काकूंनी पहिलं काम तेच केलं, व्हिडिओ कॉलवर, मुलाला शेजारी बसवून. अधिकाऱ्याने पूर्ण नाव विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही नावं सांगितली, माहेरचं आणि सासरचं, आणि दोन्ही लिहून घ्यायला लावली.