पदराआडचे दुखणे

भाताची लावणी सुरू झाली की धाटावच्या आसपासच्या खाचरांत बायका दिवसभर ओणव्या असतात. कापणीनंतर भाऱ्यांचे ओझे डोक्यावर घेऊन त्याच बांधावरून चालतात. कुंडलिकेच्या काठी औद्योगिक वसाहत आली, कामांचे स्वरूप पालटले. परंतु खोकताना, शिंकताना वा ओझे उचलताना नकळत लघवी होण्याचे दुखणे शेतात काय नि कारखान्यात काय, बाईची पाठ सोडत नाही. ते कोणी कोणास सांगत नाही. सासूला वाटते, बाळंतपणानंतर असे व्हायचेच; सुनेला वाटते, हे आपल्याच एकटीच्या वाट्याला आले.

दोघींचीही समजूत चुकीची आहे. वैद्यकशास्त्र यास ताणजन्य मूत्र-असंयम म्हणते. देशोदेशींच्या पाहण्यांतील आकडे वयाप्रमाणे व व्याख्येप्रमाणे बदलतात. तथापि प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला लघवीवर ताबा न राहण्याचा थोडाबहुत त्रास असतो आणि त्यात हा प्रकार सर्वाधिक आढळतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बारा शिक्षिकांच्या शाळेत तिघी-चौघी! मूत्राशय व गर्भाशय यांना खालून पेलणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात, मूत्रमार्गाचा आधार सैल पडतो, आणि पोटातला दाब वाढला की तोल जातो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा, वर्षानुवर्षांची जड ओझी आणि पाळी जाण्याचे वय यांची त्यात भर पडते.

स्त्रियांच्या अशा मौनाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला एकदा कळून चुकले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ती पाहणी मूत्र-असंयमाची नव्हती, हे खरे. पण दुखणे आहे आणि विचारणारे कोणी नाही, ही तिथली अवस्था रोहे तालुक्यातील बाईलाही अनोळखी वाटणार नाही.

या दुखण्यावर पहिला उपाय फुकटचा आहे, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्याची मांडणी केली. लघवी व वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच काही सेकंद आवळून सैल सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, असे किमान तीन महिने. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करू नये. पुष्कळ स्त्रियांना याने उतार पडतो. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे. उलट आपल्याकडच्या बायका करतात काय? पाणी पिणे कमी करतात. कचेरीत वा बसस्थानकात धड स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेकींना ही सवय आधीच जडलेली. त्यातून लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ ओढवते, आणि बद्धकोष्ठाने मूळ दुखणे बळावते. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मुतारीच्या हक्कासाठी चळवळ चालली, तेव्हा तिच्या नावालाच हसणारे सुशिक्षित कमी नव्हते.

यासाठी नवी योजना नको, उद्घाटन तर नकोच. बाळंतीण स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढणार नाही. पण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला लस टोचायला ती येतेच. तेव्हा परिचारिकेने तिला बाजूला घेऊन एवढेच विचारावे, “खोकताना कपडे ओले होतात का, बाई?” आणि होकार आला तर तो व्यायाम तिथेच करून घ्यावा.