भाच्यानं नाव काढलं

आमच्या घरातली भांडी मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. भांडी ही मोजायची नसून ऐकायची गोष्ट आहे, हे मला संसाराच्या पहिल्याच वर्षी कळलं. पातेलं ओट्यावर कितव्या पट्टीत आपटलं यावरून त्या दिवशी बाहेर किती वेळ फिरायला जायचं ते मी ठरवतो. त्यामुळे एका रविवारी सकाळी भाचा दोन रिकामी पोती घेऊन दारात उभा राहिला आणि "मामा, आजीची जुनी भांडी माळ्यावर पडून आहेत ना, ती मला दे," म्हणाला, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकं न काढताच "ने" म्हटलं. आयुष्यातली बहुतेक मोठी नुकसानं मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता करून घेतलेली आहेत.

भाचा शिल्पकला शिकतो. पूर्वीचे शिल्पकार दगड आणायला खाणीवर जात, हा मामाकडे येतो. आधी आमचा बंद पडलेला पंखा गेला, मग छत्र्यांच्या काड्या गेल्या, मग माझ्या जुन्या चपला गेल्या. 'जुन्या' हे त्याचं मत. मी त्या दिवशी अनवाणी भाजी आणली. पण कुरकुर केली नाही. कारण आमच्या सोसायटीत आधुनिक कलेचा वकील म्हणून मी एकटाच आहे, आणि फी घेत नसल्यामुळे माझ्याकडे खटल्यांचा तोटा नसतो.

विरुद्ध बाजूला समोरच्या ब्लॉकमधले ऑडिटरसाहेब. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कुठलीही गोष्ट बेरीज केल्याशिवाय त्यांना दिसत नाही. त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे केळं. २०१९ साली अमेरिकेतल्या मायामीच्या कलाबाजारात मॉरित्सिओ कॅटेलान नावाच्या इटालियन माणसानं एक केळं चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवलं आणि त्याचे १ लाख २० हजार डॉलर आले. ऑडिटरसाहेबांनी हे मला तेव्हाच वर्षभर ऐकवलं. पुढे २०२४ साली त्याच कलाकृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात कमिशनसकट ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्यानं ते केळं चक्क खाऊन टाकलं, तेव्हा तर ते पहाटे साडेसहालाच घरी आले. "बोला वकीलसाहेब!" मी म्हटलं, "साहेब, निदान ज्यानं पैसे दिले त्यानंच खाल्लं. आपल्याकडे एवढा प्रामाणिक व्यवहार किती ठिकाणी होतो?" त्यावर ते गप्प बसले. ऑडिटरला हा मुद्दा पटतो.

सांगायचा मुद्दा, मी काही 'ही कसली कला' म्हणणाऱ्यांतला नव्हे. मार्सेल द्युशाँनं १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुतारीचं भांडं पाठवलं, त्याचा बचाव मी गणेशोत्सवाच्या मंडपात केलेला आहे. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते तर मी आमच्या सायकलवाल्याला फोटोत दाखवलं. तो बराच वेळ बघून म्हणाला, "बैल झकास आहे, पण सीट आपलीच आहे." या कलेवर याहून चांगलं मत मी अजून ऐकलेलं नाही. बैल दिसला तरी सीट सीटच राहिली पाहिजे. दोन्ही एकदम दिसण्यात गंमत आहे.

तर भाच्यानं दोन पोती भरून भांडी नेली. सौ.नं विरोध केला नाही. माळा मोकळा होत असेल तर ती कलेच्या कुठल्याही पंथाला पाठिंबा देते. चार महिन्यांनी प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. मी इस्त्रीचा झब्बा घातला आणि ऑडिटरसाहेबांनाही बरोबर घेतलं. पुतण्या-भाच्यांचं यश शत्रूला दाखवण्यात जी मजा आहे ती मित्राला दाखवण्यात नाही.

हॉलच्या मधोमध मोर उभा होता. पुरुषभर उंच. ताटांचा पिसारा, वाट्यांचे डोळे, तांब्याची मान आणि डोक्यावर तुरा म्हणून सहा चमचे. वरून दिवे सोडलेले. असा लखलखाट की माझ्या चष्म्याची काच तापली. खाली पाटी: 'मयूर. भांडी २७४. वजन ६८ किलो.'

लोक वाकून पाटी वाचत होते, मग मान वर करून मोराकडे बघत होते, आणि "बापरे, २७४!" म्हणत पुढे जात होते. ऑडिटरसाहेब तर जागचे हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आधुनिक कला आवडली होती. "वा! याला म्हणतात काम," ते म्हणाले. "हिशेब स्वच्छ आहे."

तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला. ऑडिटरसाहेबांना आवडलं, म्हणजे काहीतरी चुकलेलं असणार.

काय चुकलं ते जवळ गेल्यावर कळलं. मी सवयीनं एका ताटाची कड वाचायला गेलो. आमच्या पिढीला ताटाची कड वाचायची सवय आहे. स्टीलच्या भांड्यावर नाव घालून दिल्याशिवाय आहेर दिल्यासारखा वाटायचा नाही. भांडीवाला ते मशीन हातात धरून खर्रर्र करत, एका हातानं विडी सांभाळत अख्खा वंशवृक्ष वाटीवर उतरवायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा त्याचा हिशेब स्वतंत्र होता. माझ्या मुंजीतल्या फुलपात्रावर 'सप्रेम भेट'ऐवजी 'सप्रेम भेड' आहे, आणि घरात वीस वर्षं मला कुणी काही दिलं की 'घे भेड' असंच म्हणत. वास्तुशांतीचं पातेलं होतं, वडिलांच्या निवृत्तीचं ताट होतं, 'आत्याकडून' म्हणून एक झाकण होतं, त्याचं भांडं आत्यानं दिलंच नव्हतं म्हणतात. आमच्या घराण्याचा इतिहास कुणी लिहिला नाही. तो माळ्यावर पालथा घातलेला होता.

ताटाची कड कोरी होती. वाटी कोरी. तांब्या कोरा.

"पॉलिश मारून घेतलं रे मामा," भाचा अभिमानानं म्हणाला. "सगळ्यांवर काहीतरी खरडलेलं होतं. फिनिश येत नव्हता. आठ दिवस बफिंग चाललं होतं."

खरडलेलं!

त्यात एक डबा होता. आईनं भिशीच्या पैशातून घेतलेला. बोहारणीकडून घेतलेली भांडी वेगळी. ती वडिलांच्या जुन्या पँटी आणि तिच्या जरीच्या साड्या देऊन तासभर घासाघीस करून यायची. हा डबा रोख पैशाचा, तिच्या स्वतःच्या. त्यावर तिनं नाव घातलं ते माहेरचं. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलत, तसं तिचंही बदललं होतं, आणि रेशनकार्डापासून आजोबांच्या पत्रांपर्यंत सगळीकडे नवीन नाव होतं. आईला लहानपणी दुसऱ्याच नावानं हाक मारायचे, हे मला बाराव्या वर्षी पोह्यांचा डबा चोरून उघडताना कळलं. तिच्या त्या नावाची लेखी नोंद उभ्या जगात एका डब्यावर होती, आणि तो आता मोराच्या पोटात कुठेतरी चकचकत होता.

ओळखीचे लोक माझ्या पाठीवर थाप मारून सांगत होते, "भाच्यानं नाव काढलं हो घराण्याचं!" मराठी भाषा कधीकधी फार क्रूर विनोद करते.

आता मी जे म्हणणार आहे ते वकिली सोडून म्हणणार आहे. ज्याला रोजच्या वापरातल्या वस्तूंचं शिल्प करायचंय त्यानं अवश्य करावं. पण मग त्या वस्तूचं आयुष्यही बरोबर घ्यावं. ते नको असेल तर पत्रा विकत मिळतो, तो स्वस्तही पडतो.

घानात जन्मलेले आणि नायजेरियात अनेक वर्षं शिकवलेले एल अनात्सुई नावाचे शिल्पकार आहेत. ते दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं ठोकून, दुमडून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधून भिंतभर मोठाले पडदे करतात. लांबून सोन्याचा शालू वाटतो. जवळ जाऊन पाहा, बुचांवर दारूची नावं तशीच आहेत. त्यांनी ती घासून काढली नाहीत. कारण गुलामांच्या व्यापारात हीच दारू मोबदला म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत होती. बूच हे त्या व्यवहाराची पावती आहे. पावतीवरची अक्षरं पुसून कुणी फाइल करतं का? (हे ऑडिटरसाहेबांनीही मान्य केलं.) २०१५ साली व्हेनिसच्या बिएनालेनं त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, तो बुचं मोजून दिला नव्हता.

चंदीगडचे नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे इन्स्पेक्टर. नवं शहर बसवताना जी गावं उठवली त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे हे सगळं त्यांनी सायकलवरून वाहून नेलं आणि सरकारी जंगलात चोरून वर्षानुवर्षं बायका, माणसं, जनावरं घडवली. सरकारी जागेवर अतिक्रमण करून पद्मश्री मिळवणारे बहुधा तेच! १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. त्यांच्या बायकांच्या अंगावर बांगड्यांचे तुकडे आहेत, आणि ते बांगड्यांचे आहेत हे आंधळ्यालाही हात लावून कळेल. उठवलेल्या गावातली माणसं तिथे पुन्हा उभी राहिलीत.

आणि तो चीनचा सोंग दोंग. वडील वारल्यावर त्याची आई काहीही टाकीना. साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या पिळून संपलेल्या ट्यूब, बाटल्या, बूट, घर भरलं. आपल्याकडे मुलानं आईला डॉक्टरकडे नेलं असतं. त्यानं २००५ साली बीजिंगमध्ये तिला बरोबर घेऊन दहा हजारांवर वस्तू नीट रांगेनं मांडल्या. २००९ साली तेच न्यूयॉर्कला मांडलं. त्यानं त्यांचा मोर केला नाही. एक ट्यूबही पॉलिश केली नाही.

तुम्ही म्हणाल, चकचकीत भांड्यांचं शिल्प वाईटच का? मुळीच नाही. बिहारच्या खगौलचे सुबोध गुप्ता भांड्यांसाठीच प्रसिद्ध आहेत. २००६ साली त्यांनी स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी केली, नाव 'व्हेरी हंग्री गॉड'. भांडी लखलखीत, पण रिकामी. आणि रिकाम्या भांड्याला भुकेशिवाय दुसरं काय माहीत असणार? भांड्याला जे ठाऊक आहे तेच त्यांनी भांड्याकडून वदवलं. आमच्या वाटीला मोराबद्दल काय ठाऊक होतं? आमटीबद्दल विचारा.

पण हल्ली विचारायची पद्धत एकच: कशाचं केलंय आणि किती लागलं? आमची शहरं तर या बाबतीत भंगारवाल्याच्या काट्यावरच उभी आहेत. दिल्लीत २०१९ साली जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, त्यांची कीर्ती काय, तर सुमारे १५० टन भंगार! पोरं फोटो काढतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या गाडीचा पाटा त्या आयफेल टॉवरला लागला ती गाडी कुठल्या रस्त्यानं फिरली, हे टॉवरला विचारून कळत नाही. टनात मोजलेल्या कौतुकाला मी कौतुक म्हणत नाही, वजनपावती म्हणतो.

हे सगळं मी भाच्याला तिथेच, मोरासमोर, बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. लोकांना वाटलं हाही प्रदर्शनाचाच भाग आहे. दोघांनी टाळ्या वाजवल्या. भाचा काही बोलला नाही. मी रागानं वाकून पोटाखालून डबा शोधू लागलो. डबा ओळखू येईना. पण एका वाटीच्या काठाच्या आत, जिथे बफ पोचला नव्हता, तिथे चार अक्षरांतली तीनच शिल्लक होती: 'कडून'. कुणाकडून, ते गेलं होतं.

पंधरा दिवसांनी भाचा घरी आला. या खेपेला पोतं नव्हतं. सौ.नं सुटकेचा श्वास टाकला. तो बराच वेळ बोटं मोडत बसला आणि मग म्हणाला, "मामा, आजीचं माहेरचं नाव काय होतं रे?"

मी सांगितलं. तो भांडीवाल्याकडून मशीन मागून आणून स्वतः ते मोराच्या छातीवर घालून आला. मी बघायला गेलो. वेलांटी चुकलेली होती. पहिली चुकली तीच, तशीच. क्षणभर डबाच समोर आला असं वाटलं.

ऑडिटरसाहेब बरोबर होतेच. त्यांनी चष्मा पुसला, नाव वाचलं, पाटी वाचली आणि हळूच म्हणाले, "एक झालं. उरलेल्या २७३ चं काय?"

हिशेबाच्या बाबतीत त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.