सावलीवरून निवाडा नको

मुंबईला शुद्ध दूध मिळावे म्हणून १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली. त्या दुधासाठी पहाटेच्या अंधारात तबेल्यात राबणाऱ्या मजुराच्या आणि शेजारच्या पाड्यांतील वारली कुटुंबांच्या छातीची चौकशी मात्र मोहिमेपुरतीच होते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. त्यांचे स्वागतच आहे. परंतु 'फोटो स्वच्छ आहे' या वाक्याचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

क्ष-किरणचित्रात जंतू दिसत नाही. दिसते ती सावली. बरा झालेला जुना व्रण, न्यूमोनिया, कर्करोग, खाणीतल्या धुळीचा सिलिकोसिस यांच्या सावल्या क्षयासारख्याच असू शकतात. उलट एचआयव्हीबाधित रुग्णाला फुफ्फुसाचा क्षय असूनही चित्र निर्दोष येऊ शकते. एकच चित्र दोन तज्ज्ञ वेगवेगळे वाचतात. फिरत्या गाड्यांतून सरसकट छायाचित्रे काढण्याची पद्धत सोडून द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९७४ सालीच सुचविले होते.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतील सुमारे ४३ टक्के रुग्ण केवळ चित्रामुळे हाती लागले; नुसती लक्षणे विचारली असती तर ते निसटले असते. तेव्हा चित्र हे संशयाचे साधन होय, निवाड्याचे नव्हे. निवाडा थुंकीच्या तपासणीने व्हावा. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यंत्र जंतूची जनुकीय खूण शोधते आणि रिफॅम्पिसिन हे औषध त्याला लागू पडेल की नाही, तेही सांगते.

परंतु दोष यंत्राइतकाच व्यवस्थेचाही आहे. डॉ. देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली दाखवून दिले की, निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेले होते आणि बहुतेकांची बोळवण खोकल्याच्या बाटलीवर झाली होती. आज बाटलीची जागा स्वच्छ फोटोने घेऊ नये. झारखंडमधील प्रयोगाने २०२३ साली सिद्ध केले की, रुग्णाच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्यास त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. भूक कोणत्याही चित्रात उमटत नाही.

आपली मागणी स्पष्ट असावी: दोन आठवडे खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी, चित्र कसेही असो, तपासली जावी, निकाल वस्तीत पोहोचावा, उपचाराच्या काळात मजुरी बुडू नये आणि घरात शिधा यावा. मोहिमेचे यश काढलेल्या चित्रांवर नव्हे, बऱ्या झालेल्या माणसांवर मोजले पाहिजे.