चर्चगेट की आणंद?

व्यवस्थापनशास्त्राची पदवी एखाद्या मुलीने कोणत्या संस्थेतून घ्यावी, हा प्रश्न या साप्ताहिकाच्या पानावर चर्चेला घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. मलाही ती प्रथम आली होती. परंतु ज्या घरातून हा प्रश्न आला ते घर आपल्या चळवळीतले आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी जिथे येऊन पोहोचलो ती जागा त्या घरापेक्षा आपल्या सर्वांच्याच अडचणीची आहे.

आपले एक जुने साथी इचलकरंजीच्या बाजूला राहतात. घरात चार यंत्रमाग. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचे, मजुरीवर कापड विणून द्यायचे; अशांना त्या भागात खर्चीवाले म्हणतात. त्यांची कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर असून तिने दोन वर्षे एका सहकारी बँकेत नोकरी केली आहे. या उन्हाळ्यात बापलेक माझ्याकडे आले ते दोन कागद घेऊन. एक होते आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचे निवडपत्र. पहिला हप्ता भरण्याची मुदत आठ दिवसांवर आलेली. दुसरी होती राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची गुणपत्रिका, जिच्या बळावर मुंबई विद्यापीठाच्या चर्चगेट येथील जमनालाल बजाज संस्थेत प्रवेश जवळजवळ निश्चित होता. वडिलांनी विचारले, "सर, चांगली कोणती?" मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "काका, कुठे शिकले तर मला परत येता येईल?"

बापाच्या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. वर्तमानपत्रे क्रमवाऱ्या छापतात, शिकवणी वर्ग सरासरी पगाराचे आकडे भिंतीवर लावतात. मुलीच्या प्रश्नाला मात्र कोणत्याही क्रमवारीत रकाना नाही.

प्रथमदर्शनी माझे मन आणंदकडे धावले, हे कबूल करतो. आपल्या देशात व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण आले ते अमेरिकेचा हात धरून. १९६१ साली कलकत्त्याची संस्था एमआयटीच्या व अहमदाबादची हार्वर्डच्या सहकार्याने निघाली, मागे फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने बजाज संस्था काढली ती स्टॅनफर्डच्या साहाय्याने. आणंदचे तसे नव्हते. १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांनी खेड्यातील दूध उत्पादकांचा संघ उभा केला, वर्गीस कुरियन यांनी तो वाढवला, आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या संस्था चालवण्यासाठी त्यांचीच बांधिलकी मानणारे व्यवस्थापक हवेत, या जाणिवेतून १९७९ साली ही संस्था निघाली. आधी चळवळ, मग शाळा, असा तो क्रम. तिथल्या विद्यार्थ्याला खेड्यात जाऊन राहावे लागते आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. विणकराच्या मुलीने याहून योग्य ठिकाण ते कोणते शोधावे?

उलट बजाज संस्थेचे माजी विद्यार्थी कोण, तर उदय कोटक आणि अजय पिरामल. ज्या जमनालालजींनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, त्यांचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत बँका, सल्लागार कंपन्या आणि साबण-शांपूचे कारखानदार दरवर्षी माणसे निवडायला येतात. नावांचे असे होतेच.

इतका विचार करून मी कागद-पेन्सिल घेतली, आणि तिथे माझी पंचाईत झाली.

बजाज संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क सहा लाखांच्या आसपास आहे. ही मुलगी इतर मागासवर्गीय, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली. अशा मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क राज्य शासनाने २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. तेव्हा तिला उभा करायचा तो मुख्यतः मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च. आणंदचा खर्च, वसतिगृह धरून, बजाजच्या मूळ शुल्काच्या दुपटीहून अधिक; आणि ते राज्याबाहेर असल्याने आपल्या शासनाची ही माफी तिथे लागू नाही. म्हणजे भांडवलाच्या राजधानीत भांडवलाची विद्या जवळजवळ फुकट, आणि सहकाराची विद्या शिकायची तर कर्ज! गेली चाळीस वर्षे मी अर्थशास्त्र वाचतो आहे, तरी हे गणित मांडून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवावी लागली.

१५ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरा. मासिक हप्ता २५,००० रुपयांच्या घरात जातो; शिकत असतानाचे व्याज साचेल ते निराळेच. बँका एरवी एवढ्या रकमेला घर तारण मागतात. २०२४ च्या अखेरीस केंद्राने आणलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि त्याचे मोठे कौतुकही झाले. तारण गेले ते ठीक. हप्ता कुठे जातो? आमच्या भागातील सूतगिरणी किंवा पतसंस्था नव्या पदवीधराला जो पगार देते, त्यातून हा हप्ता वजा केला तर उरते ती बसभाड्याची रक्कम. मग ती मुलगी काय करील? जी बँक किंवा सूक्ष्मकर्ज कंपनी अधिक पगार देईल तिच्याकडे जाईल, आणि जाणे भागच आहे. आणंदच्या पदवीधरांना नेण्यासाठी खाजगी बँका व कंपन्याही रांगेत उभ्या राहतात, ही गोष्ट आता जुनी झाली. विद्यार्थी बदलले, त्यांना ध्येय राहिले नाही, असे आपण व्याख्यानांतून म्हणतो. हप्त्याचा आकडा व्याख्यानात येत नाही.

शुल्क ही नुसती किंमत नव्हे, ते धोरण असते, असे मी वर्गात शिकवीत असे. पदवीधराने पुढची सात वर्षे कोणासाठी राबावे, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरवून टाकणारे धोरण. २००४ साली तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री मुरली मनोहर जोशी यांनी राष्ट्रीय व्यवस्थापन संस्थांचे वार्षिक शुल्क सुमारे दीड लाखावरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा संस्थांच्या स्वायत्ततेवर घाला म्हणून आपल्यापैकी अनेकांनी निषेध केला. एका पत्रकावर माझीही सही होती. सत्तांतरानंतर तो आदेश मागे घेतला गेला. जोशींच्या हेतूविषयीचा माझा संशय आजही कायम आहे. परंतु शुल्काचा मूळ प्रश्न आपण त्या संशयाखाली पुरून टाकला, ही आपली चूक झाली. आज अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क २५ लाखांच्या आसपास आहे, आणि त्यावर पत्रक काढायला कोणी उरलेले नाही.

आपल्या काही कार्यकर्त्यांना मी हा सारा प्रश्न सांगितला तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले असे की, ही मालकांची मुनीमगिरी शिकायचीच कशाला? या उत्तराचा मला अलीकडे फार राग येतो. नव्वदच्या दशकात मी एका पतसंस्थेचा संचालक होतो. आम्ही सगळे प्रामाणिक होतो, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पीत होतो. थकलेल्या कर्जाचे व्याज नव्या कर्जातून वळते करून घेत होतो आणि वार्षिक सभेत वसुलीची टक्केवारी अभिमानाने वाचून दाखवीत होतो. आपण काय करतो आहोत हे समजण्याइतका ताळेबंद आमच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणवणाऱ्या मलाही नाही. संस्था बुडाली. ठेवी होत्या त्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या आणि हमालांच्या. त्यांच्यापैकी एकीने रस्त्यात थांबवून मला विचारले होते, "मास्तर, तुम्ही होता ना तिथं?" प्रामाणिकपणा हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

यावर कोणी म्हणेल की महाराष्ट्रातील सहकार अज्ञानाने नव्हे, हावरेपणाने बुडाला. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ साली बरखास्त झाले ते काही हिशेब येत नव्हता म्हणून नाही. साखरेपुरते ते खरे आहे. लिलावात कवडीमोलाने कारखाने घेणाऱ्यांना व्यवस्थापन उत्तम येत होते. पण ज्यांना लुबाडले त्या सभासदांना ते येत नव्हते, हेही तितकेच खरे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी धनंजयराव गाडगीळ बसले होते म्हणून प्रवरेचा कारखाना उभा राहिला. गाडगीळांसारखा माणूस प्रत्येक गिरणीला लाभणार नाही. त्यांच्या जागी हिशेब जाणणारी, सभासदाला उत्तर देणारी साधी माणसे पगारावर ठेवावी लागतील. अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यानंतर १९७५ च्या सुमारास राजस्थानातील जवाजा येथे विणकर आणि चर्मकारांमध्ये काम करायला गेले. त्यांनी तिथे नेली ती हीच विद्या. ती मालकाची की विणकराची, हे ती कोण वापरतो त्यावर ठरते.

दुसरे उत्तर भावनेचे. आणंद आपले आहे, तिथेच पाठवा, घर विकावे लागले तरी चालेल. असे म्हणणाऱ्या साथींपैकी कोणाचेही घर विकले जाणार नव्हते, हे नमूद करतो. शिवाय ते "आपले" आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. २०२१ साली केंद्रात सहकार मंत्रालय झाले. २०२५ साली संसदेने कायदा करून आणंदच्याच संस्थेत त्रिभुवन सहकारी विद्यापीठ स्थापन केले. त्रिभुवनदासांचे नाव दिले हे योग्यच झाले. परंतु सहकार हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे, आणि सहकाराचे शिक्षण दिल्लीच्या एका दोरीत ओवण्याचा हा उद्योग कुठे जाईल, याविषयी मला धास्ती वाटते. पण ती धास्ती त्या मुलीच्या निर्णयात मी आणली नाही. तिथे अजूनही चांगले शिकवणारे आहेत, आणि कर्जाचा प्रश्न नसता तर मी तिला डोळे मिटून आणंदची गाडी पकडायला सांगितले असते.

पुण्यात १९६७ पासून वैकुंठभाई मेहतांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, ती कशी आठवली नाही, असे काही वाचक विचारतील. तिने तिथे अर्जच केला नव्हता. तिला कोणी सांगितले नाही. तिचे वडील तीस वर्षे आपल्या सभांना येतात. त्या सभांत त्या संस्थेचे नाव कधी निघाले असेल तर मला ते आठवत नाही.

तेव्हा मी तिला चर्चगेटला जा म्हणालो. कारण एकच दिले: तिथून बाहेर पडताना तुझ्या डोक्यावर कर्ज नसेल, आणि जिच्यावर कर्ज नाही तिलाच एखादी नोकरी नाकारता येते. दोन वर्षे तुझ्या आजूबाजूचे सगळे पगाराचे आकडे बोलतील, तू खेडे पाहणार नाहीस, विणकराचा उल्लेख झालाच तर तो पुरवठादार म्हणून होईल. ते सोस. सुटीत गावी येऊन गिरणीचे ताळेबंद घेऊन बस. ते तुला चर्चगेटला कोणी शिकवणार नाही, पण वाचायचे कसे ते शिकवतील. वडिलांना हा सल्ला रुचला नाही. ते काही बोलले नाहीत, जाताना चपला घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मुलीने विचारले, "आणि परत आल्यावर मला घेणार कोण?"

मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि म्हणूनच हे लिहीत आहे. आपल्या विचारांची माणसे ज्या संस्थांत निवडून येतात अशा एक सूतगिरणी, दोन पतसंस्था आणि एक ग्राहक भांडार त्या तालुक्यात आहेत. चौघांपैकी एकीलाही प्रशिक्षित व्यवस्थापक परवडत नाही, असे चौघेही सांगतात. चौघांनी मिळून एक पद निर्माण करावे, पगार वाटून घ्यावा, जाहिरात देऊन माणूस नेमावा. तो कोणाचा भाचा नसावा. महिना ६० हजार म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ हजार येतात. वार्षिक सभेच्या जेवणावळीवर किती खर्च होतो ते मी इथे लिहीत नाही. त्याचबरोबर सहकारी व्यवस्थापनाचे शिक्षण घेण्यासाठी राज्याबाहेर जाणाऱ्या मुलामुलींनाही शुल्कमाफी मिळावी, ही मागणी आपल्या आमदारांनी विधिमंडळात लावून धरावी. त्याला फार मोठा पैसा लागणार नाही. जाणारे आहेतच किती?

मुलीने मुंबईचा प्रवेश घेतला आहे. सूतगिरणीच्या संचालक मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे. संयुक्त पदाचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, असे मी अध्यक्षांना लेखी कळवले असून त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे.